तिसरा चेंडू

इन्जूच्या बाबांच्या हातात छत्तीस वर्षांत दोन चेंडू आले, आणि दोन्ही घरी पोचले नाहीत.

बुसानमध्ये हे असंच असतं. साजिकच्या बेसबॉल मैदानावर फटका तिरका बसून चेंडू प्रेक्षकांत आला, तर तो झेलणाऱ्याचा. पण झेलणारा मोठा माणूस असेल, तर त्याची छाती फुगायच्या आत अख्खा स्टँड ओरडायला लागतो, "आजूरा!" म्हणजे, पोराला देऊन टाक. मग जवळपास ज्याचं कुणाचं पोर असेल त्याच्या हातात चेंडू ठेवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि मुकाट्यानं बसायचं. बाबांच्या मते सोलला असं कुणी ओरडत नाही, म्हणूनच सोलची माणसं तशी आहेत.

पहिला चेंडू त्यांनी लग्नाआधी झेलला. तो एका शेंबड्या मुलाला गेला. दुसऱ्या वेळी इन्जू सात वर्षांची होती आणि नेमकी तेव्हाच आईबरोबर लघवीला गेली होती. परत येऊन बघते तर पुढच्या रांगेतली कुणी परकी मुलगी तिचा चेंडू उराशी धरून बसलेली. "दोन मिनिटं दम निघाला नाही तुला," हे बाबांचं वाक्य ती गेली चोवीस वर्षं दर सणाला जेवणाबरोबर ऐकत आली होती.

आता नवऱ्याची बदली झाली होती. येत्या मंगळवारी ती अकरा महिन्यांच्या लेकीला, दाओनला घेऊन सोलला राहायला जाणार होती. बाबांचा जन्म गोदीत जहाजांचं वेल्डिंग करण्यात गेलेला. जाऊ नका वगैरे म्हणणं त्यांना जमायचं नाही. ते एवढंच म्हणाले, "तिकडे ही पोरगी सोलच्या संघाची होणार. शाळेत सगळेच तसले, ती तरी काय करेल? साजिकचा एक चेंडू तिच्या उशाशी हवा." आणि त्यांनी शनिवारच्या दुपारच्या मॅचची दोन तिकिटं काढली. तिरके फटके जिथे पडतात तिथली.

दाओनचं सध्या द्यायचं वय चाललं होतं. अर्धवट चघळलेलं बिस्कीट, ओला मोजा, टीव्हीचा रिमोट, जे हाती लागेल ते पुढे करून ती "अं" म्हणायची, आणि समोरच्याला ते घ्यावंच लागायचं. एका न्याहारीत इन्जूनं एकच चमचा तीसदा घेतला होता.

सातव्या डावापर्यंत संघ पाच धावांनी मागे होता. तरी स्टँडमध्ये लग्नघर असावं तसा गोंधळ. संघाच्या पाठीराख्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या डोक्यावर फुगवून बांधलेल्या नारिंगी प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातात फाडलेल्या वर्तमानपत्रांचे झुबके. दाओन आईच्या छातीशी झोळीत, फडक्याखाली गाढ झोपलेली.

आणि तो आला. टक्कन आवाज झाला, चेंडू उन्हात वर वर गेला आणि तिरका त्यांच्याच रोखानं खाली यायला लागला. बाबा उठले, गुडघा कडकन वाजला, जुना चामडी हातमोजा वर गेला. थप्प.

"आजूरा! आजूरा!"

"आहे, आमचं पोर आहे," बाबा ओरडले.

मागे वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारी, बाबांना नावानं ओळखणारी एक आजी होती. सुकवलेली माकूल मासळी चावत ती म्हणाली, "कुठंय? मला तर फडकं दिसतंय."

"फडक्याखाली आहे."

"चेंडू मिळाला की सगळ्यांच्याच फडक्याखाली पोरं निघतात, मानगिलभाऊ."

पुढच्या रांगेत सहाएक वर्षांची एक मुलगी, समोरचा दात पडलेली, दोन्ही हात पसरून आधीच उभी होती. इन्जूनं तिच्याकडे बघायचं टाळलं आणि फडकं बाजूला केलं. घामानं चिकटलेले केस, गालावर झोळीच्या शिवणीचा वळ. दाओन डोळे किलकिले करून सगळ्यांकडे बघायला लागली.

"काका, हिला तर दातच नाहीत," शेजारचा कोंबडी खाणारा तरुण म्हणाला. "नियमाला दात लागतात."

"चार आहेत," इन्जू म्हणाली. "मोजायचे तर बोट घालून बघ."

आजूबाजूचे खो खो हसले. आजीनं वाकून दाओनचा गाल चिमटीत धरला. "पोर आहे. झाला निकाल. बसा खाली."

टाळ्या पडल्या. पुढच्या मुलीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. बाबांनी चेंडू दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं नातीच्या पुढ्यात धरला. तिनं तो पोटाशी घेतला, शिवण चाटली, तोंड वाकडं केलं. मग झोळीतून वाकून तिनं चेंडू पुढच्या मुलीसमोर धरला.

"अं."

अडवायला इन्जूचा हात अर्धा उठला आणि तिथेच राहिला. बाबांचं तोंड उघडं. मुलीनं चेंडू घेतला.

मग स्टँड असा उसळला, की मैदानातले खेळाडू मान वर करून बघायला लागले.

मुलीची आई ओशाळली. "परत दे गं तो. बाळाला काय कळतंय."

"बाळाला कळतंय," बाबा म्हणाले. "तिनं दिलाय. ताई, तुम्ही मधे पडू नका." ते खाली बसले, चष्मा काढला आणि डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीनंच पुसत राहिले. मग मागे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? तिला कुणी आजूरा म्हणालं नव्हतं. आपण होऊन दिला."

"ऐकलं हो," आजी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "ऐकलं."

संघ मॅच हरलाच. परतताना स्टेशनपाशी माशाच्या वड्या विकणाऱ्या मावशींना बाबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"मग चेंडू कुठाय?"

"दिला."

"म्हणजे याही खेपेला हात हलवत."

"मी हात हलवत," बाबा म्हणाले. "हिचं वेगळं आहे. हिला आता सोलमध्ये कुठेही ठेवा, काही बिघडत नाही."

"पुढच्या एप्रिलमध्ये मोसमातल्या पहिल्या मॅचला येतो आम्ही," इन्जू म्हणाली. "गाडीनं तीन तास तर लागतात."

"जावईबापूंनाही आण. डोक्यावर पिशवी बांधणार असतील तर."

तेवढ्यात दाओननं अर्धी चघळलेली, लाळेनं निथळणारी वडी त्यांच्यापुढे धरली. "अं."

बाबांनी वाकून ती खाल्ली.