शेजारचा हुंकार

बुसानच्या त्या सभागृहात हात वर करून मत देत नसत. ओठ मिटून हुंकार द्यायचा. ज्या बाजूचा आवाज मोठा, तिचं खरं. कोण कुठल्या बाजूचा हे कळू नये, एवढ्यासाठीच इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या नेटवर्कवाल्यांनी ही रीत धरली होती.

बेक दोक-सू दुसऱ्या रांगेत होता. संदेश पाठवण्याच्या नव्या नियमांचा मसुदा त्याच्या हातचा. त्यातलं एक प्रकरण त्याचं लाडकं: प्रत्येकाला आपलं नाव आपल्या लिपीत घेता यावं. त्याची आई साठी उलटल्यावर अक्षरं शिकली, तीही फक्त कोरियन. रोमन अक्षरांतलं स्वतःचं नाव तिला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसे. दर चुसोकच्या सणाला ती विचारायची, "माझं नाव बसवलंस का रे त्या कॉम्प्युटरच्या डब्यात?" आणि तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी, आई."

पण उघडे संदेश वाटेतच वाचले जात होते. त्यांना तातडीने मजकूर सांकेतिक करणारं कुलूप हवं होतं. कुलूप नावाशी बांधलेलं. आणि निरनिराळ्या लिप्यांतली सारखी दिसणारी अक्षरं वापरून कुणीही दुसऱ्याचं सोंग आणू शकत होतं. त्यावर तोडगा निघत नव्हता.

"नावांचं प्रकरण वगळून कुलूप आत्ताच लागू करावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हुंकार द्यावा," अध्यक्ष म्हणाले.

सभागृह घुमलं. दोक-सूच्या डाव्या कानाशी एक बारीक, शेवटाला किंचित चढणारा आवाज होता. प्रयोगशाळेत त्याने तो वर्षानुवर्षं ऐकला होता. काम मनासारखं जमलं की ह्ये-रिन अशीच गुणगुणायची. त्याची विद्यार्थिनी. दर हिवाळ्यात आई तिच्यासाठी किमचीच्या लोणच्याची बरणी पाठवत आली होती.

त्याने मान वळवली नाही.

विरुद्ध बाजूचा हुंकार विरळ निघाला. त्यातला बराचसा दोक-सूचाच होता.

बाहेर ह्ये-रिन कॉफीचे दोन पेले घेऊन आली. "सर, ते प्रकरण मी काढते मसुद्यातून. तुम्ही नका बसू त्याला."

"तू काढलंस तर फार नीट काढशील. एक ओळ मागे राहायची नाही."

"पुढच्या आवृत्तीत परत घेऊ ना, सर."

"आईला मी हेच सांगत आलोय."

तिने एक पेला त्याच्या हातात दिला. "कुलूप आधी हवं होतं, सर."

"हवंच होतं," तो म्हणाला. ते त्यालाही पटत होतं, म्हणून तर धड रागावताही येत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आईला कमी ऐकू येई, त्यामुळे ती ओरडूनच बोले.

"झाली का रे बैठक?"

"झाली. कुलूप बसलं, आई. पक्कं."

"बरं झालं, मेले चोर बसतील हात चोळत! आणि दारावर माझं नाव?"

"पुढच्या वर्षी."

"आडमुठे मेले सगळे," ती म्हणाली. "पण ती पोरगी तरी होती ना आपल्या बाजूने?"

ह्ये-रिनला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

"हो, आई," दोक-सू म्हणाला. "माझ्या शेजारीच बसली होती."

"वाटलंच मला," म्हातारी खुलली. "सांग तिला, यंदा मोठी बरणी पाठवते."