अखंड दिसणारं कापड

मी एक अंधबिंदू बोलतोय. बोलावं की नाही, यावर पुष्कळ विचार केला. ज्याला स्वतःला काहीच दिसत नाही, त्याच्या साक्षीला किंमत ती काय? पण घडलं त्याच्या इतक्या जवळ माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक फिकट गुलाबी चकती असते. पडद्यावरचे सारे धागे तिथे गोळा होतात आणि नस होऊन मेंदूकडे जातात. ती चकती म्हणजे मी. सगळं दृश्य माझ्यातून जातं. फक्त माझ्यावर पडलेलं तेवढं दिसत नाही. ते भोक मेंदू भरून काढतो. आजूबाजूला निळं असेल तर निळ्याने, रेघा असतील तर रेघांनी. इतक्या सफाईने, की मालकाला जन्मभर पत्ता लागत नाही. तुम्हालाही लागलेला नाही.

माझी मालकीण रफूकाम करायची. दुकान तिचा दीर आणि ती मिळून चालवत. भोक बुजवून झालं की ती डावा डोळा मिटायची, उजव्याला भिंग लावायची आणि रफूवर नजर रोखायची. आजूबाजूचं कापड तपासायचं ते नजर न हलवता, कडेकडेने. तिच्या सासूने तसंच शिकवलं होतं: नजर हलली की वीण फसवते. मी त्या उजव्याच डोळ्यातला. डावा उघडा असता तर माझी उणीव त्याने झाकली असती.

त्या वर्षी तिच्या कवटीतलं पाणी वाढू लागलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मला कळला तो फक्त दाब. मागून कोणीतरी सावकाश ढकलत असल्यासारखा. मी फुगत गेलो. माझी कड पुसली गेली.

ती सुई उचलायला वाकली, की जग चार-पाच क्षण राखाडी व्हायचं आणि परत यायचं.

"भाऊजी, पंखा घासतोय का हो?"

"पंखा बंद आहे, वहिनी."

"मग हे सूं सूं कोण करतंय?"

"मी तर नाही बुवा. मी घोरतो, तेही घरी."

ती हसली. तो तिच्याच रक्ताचा आवाज होता, ठोक्यागणिक कानात येणारा.

सकाळी डोकं दुखायचं म्हणून ती चष्म्याच्या दुकानात गेली. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. "डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे," दुकानदार म्हणाला. खोटं नव्हतं. नजरेचा मध्य शाबूत होता. कडेने मी पसरत होतो.

मग एक बाई नवऱ्याचा करडा कोट परत घेऊन आल्या. "अहो, एक भोक बुजवलंत आणि शेजारचं तसंच? बघा, माझं बोट जातंय यातून!"

दोन्ही डोळ्यांनी मालकिणीला बोट दिसलं. तिने सवयीने डावा डोळा मिटला, भिंग लावलं, रफूवर नजर रोखली. बोट नाहीसं झालं. तिथे करडी वीण होती, एकसंध, एकही टाका न चुकलेली. तिने डोळा उघडला, बोट. मिटला, वीण.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मला डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, अगदी जवळ आल्या आणि उजेड थेट माझ्यावर टाकला. माझ्याकडे कोणी पाहण्याची ती पहिलीच वेळ. मला लपावंसं वाटलं. बाईंनी उजेड बराच वेळ तिथेच धरला, मग डाव्या डोळ्यातही पाहिलं.

"उलट्या होतात?"

"होतात अधूनमधून. पित्त असेल."

"पित्त नाही. दोन्हीकडे सूज आहे आणि ती डोक्यातल्या दाबाची आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर नजर जाईल."

"एवढा कोट देऊन जाऊ का?"

"वहिनी!" दीर ओरडला.

डोक्याचे फोटो निघाले. गाठ नव्हती. डोक्यातलं ते पाणी पाठीच्या कण्यातही उतरतं, मग तिथून ते सुईने काढलं आणि गोळ्या सुरू झाल्या. कित्येक आठवड्यांनी मी ओसरलो. पण माझ्यातले बरेच धागे मेले होते. त्यांना धरून ठेवणं माझ्या हातात होतं का? मी अजून स्वतःला विचारतो. आता मी पांढुरका पडलोय.

वाकताना तुमचंही जग क्षणभर राखाडी होत असेल, तर तक्ता वाचून घरी परतू नका. आत पाहायला सांगा. आम्हाला हाक मारता येत नाही.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात, नजर वाचली. कडेची थोडी गेली, ती परत येणार नाही."

मालकिणीने खोलीभर पाहिलं. "गेली कुठे? मला तर सगळं दिसतंय."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच वाटणार."