एका घराचा एक बांबू

वसतिगृहाच्या अर्जांच्या खिडकीत मी बसते. मी गिरजा, सावली तालुक्यातली, तोंडाने फटकळ. त्या दिवशी मात्र मी वेळ मारून नेली.

चंद्रपूरच्या आमच्या विद्यापीठ केंद्रात मुलींच्या नव्या वसतिगृहाचे नुसते खांब तीन वर्षांपासून उभे आहेत. जुन्यात जागा नाही. निशा हेमलकशाच्या पलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातली, बीएस्सीला आलेली तिथली पहिली मुलगी. शहरात खोली घेणं तिच्या बापाला झेपणारं नव्हतं. पलंग मिळाला तर शिक्षण, नाही तर परत गाव. बाप पत्रूभाऊ खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, ते नवं घर अर्धंच काऊन हाये?"

"निधी नाई आला, भाऊ."

"निधी म्हंजे?"

मागे ही रांग. "सामान, भाऊ. सामान आलं का होते पूर्ण."

तो मान हलवून गेला. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

पंधराव्या दिवशी सकाळी फाटकाशी पिकअप उभी. बांबूंनी भरलेली, सोबत ग्रामसभेचा वाहतूक पास. पत्रूभाऊ, गावचे चौघे आणि पाठीला दप्तर लावलेली निशा.

"एका घराचा एक बांबू," पत्रूभाऊ म्हणाला. "पोरापोरींचं राहाचं घर, गोटुल, आमी असंच बांधतो, सारं गाव मिळून. मिस्त्री नसन तं आमी हाओ. आठ दिवसांत उभं करून देतो." मग हिरवी चिंधी बांधलेल्या बांबूवर हात ठेवून म्हणाला, "हा बायनाबाईचा. तिच्या घरी शिकाले कोणी नाई. तरी देला."

शिपाई संघपाल हसायला लागला. मी त्याच्यावर खेकसले, पण लाज मला माझीच वाटत होती. सगळे बांबू एका मापाचे, गाठी तासून गुळगुळीत केलेले.

"पत्रूभाऊ, निधी म्हंजे पैसा. सरकारचा. तो आल्याबिगर इथी काईच होत नाई. मी तुमाले खोटं सांगतलं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. खांबांकडे बघत म्हणाला, "पैसा म्हणलं असतं तं त्याच दिवशी पोरीचा बारावीचा दाखला घेऊन गेलो असतो. आता गावाले काय सांगू?"

निशा पुढे आली.

"बाई, माझा दाखला परत भेटते काय? आजच पाह्यजे. गाडी दुपारी परत जाते."

मी साहेबांकडे धावले. एखादी जागा काढा म्हणून हात जोडले. यादी वरून येते, म्हणाले, आणि मान खाली घालून दाखला परत देण्याच्या कागदावर सही केली.

शिक्का मी मारला. पाच मिनिटांत दाखला तिच्या हातात होता. आमच्या कार्यालयातून एवढ्या लवकर आजवर कोणाला काही मिळालेलं नाही.