तिसरं ‘शेवटी’

उपदेशक मंडळी ‘शेवटी’ हा शब्द किती वेळा वापरतात, याचा अभ्यास मुलुंडच्या एका मराठी चर्चमध्ये प्रेमाताई साळव्यांइतका कुणाचाच नव्हता. पहिलं ‘शेवटी’ सोडून द्यायचं. दुसऱ्याने उपदेशकाला उलट जोर चढतो. तिसरं आलं की मात्र उठायचं, मागच्या खोलीत जाऊन स्टोव्ह पेटवायचा आणि आधण ठेवायचं. मग आशीर्वाद होऊन लोक बाहेर पडेपर्यंत साठ माणसांचा चहा तयार असतो. अकरा वर्षं हे गणित चुकलं नव्हतं.

१९८६च्या एप्रिलमधल्या एका रविवारी ते चुकलं. चंद्रपूरकडच्या जंगलात मिशनचा एक दवाखाना होता, तिथले उपदेशक पाहुणे म्हणून आले होते. दाराजवळचा नेहमीचा बाक त्यांच्या माणसांनी अडवला, त्यामुळे प्रेमाताईंना मधल्या रांगेत बसावं लागलं. उपदेशकांनी आधी फ्लॅट, फ्रीज आणि रंगीत टीव्हीचा चांगलाच समाचार घेतला. प्रेमाताईंकडे या तिन्ही गोष्टी होत्या. मग त्यांनी सांगितलं, की दवाखान्यात नर्स नाही आणि अडलेल्या बायका बैलगाडीतच जीव सोडतात. प्रेमाताई ते कान देऊन ऐकत होत्या, कारण लग्नाआधी त्या स्वतः नर्स होत्या.

“शेवटी,” उपदेशक तिसऱ्यांदा म्हणाले, आणि प्रेमाताई पदर सावरून उठल्या. “शेवटी एकच विचारतो. जो दोन वर्षं द्यायला तयार आहे, त्याने उभं राहावं.”

अख्ख्या चर्चमध्ये त्या एकट्याच उभ्या होत्या. खाली बसावं तर देवाला नकार दिल्यासारखं दिसलं असतं, आणि तशीच वाट काढत स्टोव्हकडे जावं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी डोळे पुसले, बायका मुसमुसल्या. त्या दिवशी चहा झालाच नाही आणि कुणी तक्रारही केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला खरं काय ते सांगून टाकलं. विद्याधर विमा कंपनीत हेडक्लार्क होते, कागद नीट वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि तिथल्या तिथे का नाही सांगितलंस म्हणून विचारलं. सगळे रडत होते, त्यात कसं सांगणार, असं प्रेमाताई म्हणाल्या.

“नुसती चहासाठीच उठलीस?” विद्याधरांनी विचारलं.

बैलगाडीचं ऐकलं तेव्हा उठण्यासाठी आपला हात पुढच्या बाकावर गेला होता की नाही, हे प्रेमाताईंना आठवेना. गेला असेल तर ‘शेवटी’ यायच्या आधीच त्या उठायला लागल्या होत्या.

“माहीत नाही हो.”

“हे बघ, जायचं असेल तर जा. मी खानावळ बघीन. पण चुकून जाऊ नकोस.”

आठवडाभर त्या घोळातच होत्या. कणकेत मीठ दोनदा पडलं. देवाकडे खूण मागितली तर कुकरची शिट्टी झाली, आणि ती काही खूण म्हणता येईना. जायचं मनात आलं की भीती वाटे. नाही जायचं म्हटलं की लाज वाटे. वाटे, गॅसची शेगडी आणि मऊ गादी सोडवत नाही म्हणून आपण चहाचं निमित्त पुढे करतोय. देवासमोर काय सांगणार, अकरा वर्षं चहा केला?

त्यात गुरुवारी महिला मंडळाच्या विमलाताई घरी आल्या. मंडळाने प्रेमाताईंसाठी मच्छरदाणी आणि टॉर्च आणला होता. टॉर्चमध्ये सेल घालून, पेटवून दाखवून त्या गेल्या. आता मागे फिरायची सोयच राहिली नाही, असं प्रेमाताईंना वाटलं. तरी रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं त्यांनी ठरवलं. खरं म्हणजे नेमकं काय, तेवढंच ठरत नव्हतं.

रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला हातच घातला नाही. व्यासपीठावर चढल्या चढल्या त्यांनी प्रेमाताईंचं नाव घेतलं, दोन वर्षं त्या जाणार म्हणून देवाचे आभार मानले आणि प्रार्थनेआधी एक छोटी बाब उरकून घेतो म्हणाले.

“प्रेमाताईंच्या मागे चहाचं काम कोण घेणार? त्याने उभं राहावं.”

कुणी हललं नाही. विमलाताईंनी गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे त्यांचा गुडघा दुखत होता. पुढच्या बाकावरचे दोघे गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधू लागले. पंखा कुरकुरत होता. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, दर रविवारी नको, आळीपाळीने केलं तरी चालेल. गेल्या रविवारी रडलेली सगळी माणसं आता जमिनीकडे बघत होती.

मग दाराजवळच्या बाकावरून एक बाई उठली. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मग दिसलं की त्या प्रेमाताईच होत्या.

“प्रेमाताई,” पाळकसाहेब गोंधळून म्हणाले, “तुम्ही कशासाठी उभ्या राहिलात?”

“मागच्या रविवारी उठले होते ना, त्यासाठीच.”

एवढं बोलून त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. बाहेर कुणीतरी अर्थ न कळताच आमेन म्हटलं. आत प्रेमाताईंनी स्टोव्हला काडी लावली. आपण देवाला नाही म्हटलं की हो म्हटलं, हे त्यांना समजेना. बरं वाटतंय की वाईट, तेही समजेना. त्या बैलगाडीतल्या बायकांसाठी मात्र त्यांचा जीव अजून तुटत होता.

विद्याधर आत आले. अकरा वर्षं चहा पिऊनही ते या खोलीत पहिल्यांदाच येत होते.

“साखर कुठे असते गं?” त्यांनी विचारलं.

प्रेमाताईंनी डब्याकडे बोट दाखवलं आणि त्या थबकल्या. आज उपदेश सुरूच झाला नव्हता. चहाला अजून तासभर अवकाश होता, आणि एकदाही कुणी ‘शेवटी’ म्हटलं नव्हतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मग आज मला उठवलं कुणी?”