पुढे चालणारी रेवा

मी एक म्हातारी कुत्री आहे. माझं नाव रेवा. भिलाईत रुआबांधा वस्तीतल्या एका घरात मी राहते. पण मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं बस्तरच्या जंगलात गेली.

तिथे लढाई चालू होती. वाटेत पुरलेले सुरुंग हुंगून शोधणं हे माझं काम. मी पुढे चालायची, पट्टा धरून माझा जवान हेमराज माझ्या मागे आणि त्याच्या मागे सगळी तुकडी. हेमराज भिलाईच्या याच घरातला मुलगा. त्याचे वडील भैयालाल स्टील प्लांटमध्ये होते. पाणी कमी असलं की हेमराज आधी मला ओंजळीतून पाजायचा. सहा वर्षांत मी अकरा सुरुंग शोधले. साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला, फोटो काढला.

मग तो मे महिना आला. तापलेल्या दगडांनी माझा पंजा फाटला. नाल्यापाशी हेमराजने खाली बसून तो पाहिला.

"तू इथंच थांब," तो म्हणाला. "रक्त येऊन राहिलं तुह्या पायातून. समोर मी पाहतो."

त्याने मला झाडाला बांधलं आणि शोधयंत्र घेऊन तो पुढे गेला. वारा त्याच्याकडून माझ्याकडे वळला तेव्हा मला बारुदाचा वास आला. मी पट्टा ओढला, जिवाच्या आकांताने भुंकले. त्याने मागे वळून पाहिलं.

"पाय दुखून राहिला असंन तिचा," तो सोबत्याला म्हणाला आणि त्याने आणखी एक पाऊल टाकलं.

त्यानंतर मी कामाची उरले नाही. गाडीचं दार आपटलं तरी थरथरायची. भैयालाल मला घरी घेऊन आले. हेमराजची आई वंदनाबाई मला भाकर टाकायची, पण हात लावायची नाही. एकदा समोर बसून तिने विचारलं, "तू होती ना तिथं? मंग कावून जाऊ देलं त्याले?"

ते एक पाऊल मला अजून झोपेत ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात तिने ट्रंकेतून त्याचा शर्ट काढला. बराच वेळ नाकाशी धरला, मग माझ्यापुढे केला.

"मले तं आता काहीच येत नाही," ती म्हणाली. "तुले येते का त्याचा वास?"

शर्टाला फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी शेपूट हलवली.

तिने पहिल्यांदा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, लढाईतून परतलेलं मुकं जनावर तुमच्या वस्तीत आलं, तर त्याला नुसतं दारात बांधून ठेवू नका. घडीभर त्याच्याजवळ बसा. आणि ते भुंकलं, तर पुढे जाण्याआधी थांबा.