कुंकवाखालची ओळ

“ढवळत राहा, स्वप्ना. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समज.”

बाबा आतून दाढी करता करता ओरडत होते. मी गॅससमोर उभी राहून त्यांची कागद चिकटवायची खळ शिजवत होते. मैदा, पाणी आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद. मोरचूद असलं की उंदीर-झुरळं कागदाला तोंड लावत नाहीत.

“पालिकेतून डिंक मिळतो ना तुम्हाला?” मी म्हटलं.

“तो? त्या डिंकाची नोटीस दुपारच्या उन्हात खाली येते. मग लोक म्हणतात, आम्हाला कळवलंच नाही. आपण लावलेला कागद माणसाला दिसला पाहिजे.”

“एवढा जीव पालिकेवर,” आई म्हणाली. “पालिकेचा आहे का तुमच्यावर?”

“आहे की! दरवर्षी नव्याने कामावर घेतात.”

हे खरं होतं. पाणी बंद राहणार, रस्ता रुंद होणार, बांधकाम बेकायदा आहे, अशा सगळ्या नोटिसा बाबा गावभर चिकटवत. अठरा वर्षं. पण ते पालिकेचे नव्हते, ठेकेदाराचे होते. ठेका वर्षाने बदलायचा आणि बाबा पुन्हा नवे कामगार व्हायचे. अठराव्या वर्षीही त्यांचा पगार पहिल्या दिवशीच्या माणसाचाच होता. तरी ते म्हणायचे ‘आपली पालिका’.

नोटीस लावून ते निघून येत नसत. तिथे उभे राहून वाचून दाखवत. आमच्या आचोळ्यात मराठी न वाचता येणारे पुष्कळ. त्यांना हिंदीतून सांगत. कुणी घाबरलं की विचारत, “घरपट्टी भरते हो ना? फिर डरो मत.” घरपट्टी लागली म्हणजे घर पालिकेने मान्य केलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. ज्या इमारती पाडल्या जात, त्यांची घरपट्टी थकली असणार, असं ते मला समजावून सांगत. वर्षानुवर्षं हातात त्याच नोटिसा धरणाऱ्या माणसाला हे कसं पटत होतं, याचं आता आश्चर्य वाटतं. पण आमची इमारत ‘शिवगंगा’ही तशीच, विनापरवाना होती. चार मजले, बिल्डर केव्हाच गायब. गावची जमीन विकून घेतलेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. दुसरं काही पटवून घेणं बाबांना परवडण्यासारखं नव्हतं.

घरपट्टीच्या पावत्यांची त्यांनी फाइल केली होती. दसऱ्याला पाटावर बादली, ब्रश आणि ती फाइल मांडली जायची. नव्या पावतीला कुंकू लावायचं काम माझं.

मी वसईला एका वकिलांकडे टायपिंग करते. सहा वर्षांपूर्वी एका दाव्यात मी एक ओळ टाइप केली: ‘सदर कर आकारणीमुळे बांधकाम अधिकृत ठरत नाही.’ घरी येऊन बाबांची फाइल उघडली. प्रत्येक पावतीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत तीच ओळ होती. बाबा बाहेर टीव्ही बघत हसत होते. मी फाइल बंद केली. त्या दसऱ्याला कुंकू मी पावतीच्या वर न लावता तळाशी लावलं. जरा जास्तच लावलं. बाबा म्हणाले, “वा, भरपूर.”

पुढच्या वर्षी शेजारचे विलासकाका आपल्या बहिणीला, लतिकाताईला, घेऊन आले. तळमजल्यावरचं घर विकायला होतं. तिचा नवरा गेलेला, पदरात एक मुलगी, हातात नवऱ्याच्या कंपनीतून मिळालेलं तेवढंच.

“तुम्ही पालिकेतले, काका,” ती म्हणाली. “तुम्ही सांगाल तसं.”

बाबांनी फाइल काढली. “हे बघ, घरपट्टी चालू. सरकार ज्याचा कर घेतं, ते घर सरकार पाडेल का? घे बिनधास्त.”

मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. गॅस बारीक केला, कारण बोलायचं ठरवलं होतं. मग बाबांचा आवाज ऐकू आला: “आपल्या शब्दावर घे.” एवढ्या अभिमानाने ते कधी बोलले नव्हते. मी पोहे बशीत वाढले आणि बाहेर नेऊन दिले.

त्या खळ शिजवलेल्या दिवशी संध्याकाळी मी घरी परतले, तर मीटरच्या पेट्यांशेजारी लोक जमले होते. भिंतीवर नोटीस होती. डोळ्यांच्या उंचीला, चारही कोपरे बसलेले, एक बुडबुडा नाही. वाचण्याआधी मला हात ओळखू आला.

पुढे आलोशियसने मला सगळं सांगितलं. तो बाबांच्या बरोबरीने नोटिसा लावणारा, गिरीज गावचा. गठ्ठ्यात ‘शिवगंगा’ दिसल्यावर तो म्हणाला होता, “चंद्रहास, ही दे इकडे. मी लावतो.”

“तू लावलीस तर दोन दिवसांत पडेल.”

“पडू दे ना! तुझंच घर आहे, माणसा.”

“म्हणूनच. लोकांना नीट वाचता आली पाहिजे.”

जागा बस आगारासाठी राखीव होती, म्हणून इमारत पाडायची होती. आमच्या रस्त्यावर बस यावी यासाठी बाबांनीच सगळ्यांच्या सह्या घेऊन तीन अर्ज केले होते. नोटिशीसमोर जमलेले लोक फुटल्यासारखे हसले. “घ्या काका, बस आली. थेट घरात!”

बाबा वरून फाइल घेऊन आले. “हसू नका. काहीतरी चूक झालीय. आपल्या सगळ्यांची पट्टी भरलेली आहे.”

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितेशने फाइल घेतली. पावतीच्या तळाशी त्याला काहीतरी दिसलं. त्याने नखाने कुंकू खरवडलं आणि मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही.

“परत वाच,” बाबा म्हणाले.

त्याने परत वाचलं.

लतिकाताई पायरीवर बसली होती, ती उठली. “काका, जन्म गेला तुमचा नोटिसा लावण्यात, आणि हे वाचलं नाहीत? की वाचलंत, आणि वर कुंकू फासून ठेवलंत?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. मग ते तिला म्हणाले, “चुकलो, पोरी.”

एवढंच. मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. त्या रात्री नाही, कोर्टात स्थगिती नाकारली तेव्हा नाही, सामान टेम्पोत चढवतानाही नाही. फाइल मात्र त्यांनी तिथेच कोनाड्यात ठेवली. मशीनने तळमजल्यापासून सुरुवात केली. लतिकाताईच्या मोरीच्या निळ्या फरशा बराच वेळ उघड्यावर दिसत होत्या.

आलोशियसने त्याच्या केळीच्या वाडीमागची खोली आम्हाला दिली. तिथून कामाला जायला बाबांना दोन बस बदलाव्या लागत. पहिली सहसा चुकायची, मग ते बादली घेऊन चालत निघायचे. खळ आता ते स्वतःच करायचे. “तुला उशीर होईल,” एवढंच म्हणायचे. नोटीस लावून वाचून दाखवणं त्यांनी बंद केलं होतं. लावायचे आणि वळायचे, असं आलोशियस म्हणाला.

चौथ्या महिन्यात पुलाच्या कठड्याला नोटीस लावताना ते खाली बसले, ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस ओळखपत्र न्यायला आला. नवा ठेका सुरू व्हायचा होता. बादली आमची स्वतःची होती, ती राहिली.

बाराव्याला लतिकाताई आली. येईल असं वाटलं नव्हतं. ती आता नालासोपाऱ्याच्या पलीकडे कुठेतरी भाड्याने राहते, दोन घरच्या पोळ्या करते. आईजवळ बसली, फोटोला हात जोडले. आईने तिला चहा दिला. ती हळू बोलत होती, पण खोलीच केवढी.

“मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, काकू. पण मनातून जात नाही. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. यांना माझ्या मुलीने आजोबा म्हटलं होतं.”

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. दाराशी बादलीत बाबांचा ब्रश होता. शेवटच्या दिवसाची खळ वाळून त्याचे केस लाकडासारखे झाले होते. मी सकाळपासून तो पाण्यात भिजत ठेवला होता.

मी लतिकाताईसमोर जाऊन बसले.

“लतिकाताई, बाबांनी ती ओळ कधी वाचली नव्हती,” मी म्हटलं. “मी वाचली होती. तू घर बघायला आलीस, त्याच्या आदल्या वर्षी. ते कुंकू मी लावलं होतं.”