व्हरांड्यात झालेली तपासणी

रुख्मिणीबाईंना जाऊन बावीस दिवस झाले होते, तरी प्रताप नगरातल्या त्या घरात शेगडी पेटली नव्हती. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलेलं होतं. आतल्या काळ्या भिंतींना रंग द्यायचा विषय कुणी काढत नव्हतं. दोन वेळचा डबा शेजारच्या पार्वतीबाई पाठवत. तो पुढच्या खोलीत, टीव्हीजवळच्या टेबलावर उघडला जाई.

"आता गॅसचं काही तरी पाहावं लागन," रुख्मिणीबाईंचा मुलगा सौरव म्हणाला. "पार्वतीकाकू किती दिवस करतीन? मी एजन्सी बदलाचा अर्ज टाकला ऑनलाइन. त्या एजन्सीचं सिलिंडर आता या घरात येणार नाई."

दीपमाला त्याची मोठी बहीण. कन्हानच्या कॉलेजात मराठी शिकवायची. आई गेल्यापासून रजा टाकून वडिलांजवळ राहिली होती.

"कनेक्शन आईच्या नावावर आहे," ती म्हणाली. "आधी नाव बदलावं लागेल."

"तेच तर. तू जाऊन ये ना, ताई. मृत्यूचा दाखला दे, सही कर, मोकळी हो. अन् त्या मेकॅनिकचीही तक्रार टाकली मी. पाच वर्षांची तपासणी कराले आला, दारातूनच सही घेऊन गेला. नळी पाहिली असती तर आई आज इथं बसली असती! नोकरी गेली पाहिजे त्याची."

दादाजी, म्हणजे त्यांचे वडील, खुर्चीत बसून गुडघा चोळत होते.  बावीस दिवसांत ते फारसं बोललेच नव्हते.

आग लागली त्या सकाळी दादाजी फिरायला गेले होते. रुख्मिणीबाईंनी चहासाठी लायटर पेटवला. ओट्याच्या दगडाला भोक पाडून खालच्या सिलिंडरची नळी वर शेगडीपर्यंत आणलेली होती. त्या भोकाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, नळी तडकली होती. दवाखान्यात त्या नऊ दिवस होत्या. सहाव्या दिवसापर्यंत बोलत होत्या.

दीपमाला गेली तेव्हा एजन्सीत गर्दी नव्हती. काउंटरवर इंदूबाई नावाच्या पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी दाखला हातात घेतला, नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमच्या आई होत्या का?"

"हो."

"बसा, मॅडम. पाणी घ्या." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तक्रार तुमच्याच घरून आली ना? संघपालले, त्या मेकॅनिकले, मालकानं घरी बसवलं. आठ दिवस झाले."

"त्यानं तपासणी केली नव्हती," दीपमाला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच कोरडा वाटला.

इंदूबाई उठल्या, मागच्या कपाटातून एक फाइल काढून आणली आणि त्यातला एक कागद तिच्यासमोर ठेवला. "नाई केली. खरं आहे. काहून नाई केली, ते वाचून घ्या."

तपासणीचाच फॉर्म होता तो. नळी, रेग्युलेटर, शेगडी, सगळे रकाने रिकामे. खाली शेऱ्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'ग्राहकाने स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. तपासणी करता आली नाही. धोका समजावून सांगितला.' त्याखाली आईची सही होती. तिरकी, खाली रेघ ओढलेली. दीपमालाच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची.

"हा दुसरा कागद. पंधरा दिवसांनी तो पुन्हा गेला होता. तेव्हा त्याईनं सही पण नाई दिली."

"येऊ का नाही दिलं?"

प्रश्न विचारतानाच उत्तर तिला माहीत होतं. इंदूबाईंनाही ते कळलं असावं.

"त्याले नाव विचारलं त्याईनं," इंदूबाई म्हणाल्या. "संघपाल मेश्राम, म्हणाला तो. मंग म्हणाल्या, इथंच व्हरांड्यात थांब, काय लिहाचं ते लिही, आत देवघर आहे."

दीपमाला कागदाकडे बघत राहिली. ती वीस-बावीस वर्षांची असताना विजेचं मीटर बघायला एक माणूस आला होता. तो गेल्यावर आईनं पायरीवर बादलीभर पाणी ओतलं होतं, त्याचं नाव ऐकून. दीपमालानं ते पाहिलं, आणि पुस्तकात तोंड खुपसलं. पुढे ती कॉलेजात समतेवर तासन्तास बोलायची, मुलांकडून निबंध लिहून घ्यायची. आईला मात्र कधी काही म्हणाली नाही. वय झालं तिचं, आता काय बदलणार ती, असं ती स्वतःला सांगायची. आणि आई तरी काही दुष्ट होती का? कुणाचं दुखलं-खुपलं तर रात्ररात्र उशाशी बसणारी बाई!

आणि मग तिला तो फोन आठवला. इतके दिवस तिनं तो बाजूला सारून ठेवला होता. आग लागण्याच्या दोन दिवस आधी आई म्हणाली होती, "दीपू, गॅसचा वास येऊन राहिला वं थोडा थोडा." दीपमाला म्हणाली होती, "मग एजन्सीला फोन कर ना." त्यावर आई म्हणाली होती, "फोन केला का तोच येईन मंग."

तोच म्हणजे कोण, हे दीपमालानं विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती. तिनं विषय बदलून बाबांच्या गुडघ्याचं औषध विचारलं होतं.

"मालकांना हे कागद माहीत आहेत?" तिनं विचारलं.

"माहीत आहेत. पण मयताच्या घरच्या लोकाईले असा कागद कोण दाखवन? त्यापेक्षा एक माणूस काढून टाकणं सोपं राह्यते."

"आई वाईट नव्हती हो, इंदूबाई."

"मी कुठं वाईट म्हणून राहिली? वाईट माणसं असती तर बरं होतं, लोकाईनं त्याईले ओळखलं तरी असतं. चांगली माणसं करतात, म्हणून तर हे चालून राहिलं." इंदूबाईंनी चष्मा लावला. "चोवीस वर्षं झाली मले या खुर्चीवर. एजन्सी बदलाचे अर्ज येतात. कारण काय लिहितात? सेवा बरोबर नाई. त्याच्या आधी फोन आला राह्यते, दुसरा माणूस पाठवा. दुसरा म्हणजे कसा, ते मलेही समजते अन् त्याईलेही समजते. नळीवर तारीख छापली राह्यते, मॅडम, ती कोणी पाहात नाई. माणसाचं नाव मात्र पहिले विचारतात."

दीपमालानं दोन्ही कागदांचे फोटो काढून घेतले. नाव बदलायच्या अर्जावर सही केली. एजन्सी बदलायच्या कागदावर केली नाही.

घरी आली तेव्हा सौरव फोनवर होता. नव्या एजन्सीशीच बोलत होता.

"हो, घर पाहून घ्या ना एकदा. पूर्ण नवीन नळी, नवीन शेगडी लागन... उद्या चालन. कोण येणार आहे? नाई, म्हणजे नाव काय त्याचं? पूर्ण नाव?"

"सौरव!" दीपमाला इतक्या जोरात ओरडली, की दादाजी खुर्चीत दचकले. "फोन ठेव! आधी फोन ठेव!"

"काय झालं वं ताई? मी फक्त विचारून राहिलो. बाबा घरी एकटे राह्यतात, म्हणून..."

"खोटं बोलू नको. का विचारलंस ते तुलाही माहीत आहे. आपल्या आईनंही हेच विचारलं होतं."

तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. सौरवनं वाचलं. पुन्हा वाचलं. सही मोठी करून पाहिली. मग तो सोफ्याच्या काठावर बसला.

"हे खोटंही असू शकते," तो पुटपुटला. "नोकरी वाचवाले लिहिलं असन."

"खोटं नाई," दादाजी म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

"मी होतो ना तिथंच. व्हरांड्यात पेपर वाचत होतो." दादाजी थांबत थांबत बोलत होते. "तो मले म्हणाला, काकाजी, तुमी तरी सांगा बाईले, पाच मिनिटाचं काम आहे. नळी जुनी असन तर जीवाशी खेळ आहे. अन् मी..." त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. "मी पेपरचं पान उलटलं."

सौरवनं मोबाइल ताईला परत दिला.

"मंग आता काय कराचं?" सौरवचा आवाज चिरकला. "गावभर सांगाचं का, आमच्या आईनं असं केलं म्हणून? गेली ना ती! निदान तिचं नाव तरी राहू दे नीट."

"तिचं नाव राहावं म्हणून त्या माणसानं घरी बसायचं? त्याच्या घरी लेकरं नाहीत?"

"तुले आईची काही पडली नाई, ताई."

हे बोलणं तिला लागलं. ती रडली नाही. तिनं शांतपणे त्या फोनबद्दल सांगितलं. वासाबद्दल, 'तोच येईन' याबद्दल, आणि आपण कसा विषय बदलला त्याबद्दल. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी तेव्हा तिला म्हणायला हवं होतं, येऊ दे तोच, त्याला आत घे. एवढंच. आईशी दोन मिनिटं भांडण झालं असतं. ती रुसली असती माझ्यावर. आज इथं रुसून बसलेली असती, सौरव!"

तेव्हा सौरव रडला. आई गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

पत्र दीपमालानंच लिहिलं. मेकॅनिकची काहीही चूक नव्हती, आमच्या घरानं त्यांना जातीमुळे स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, तक्रार आम्ही मागे घेत आहोत आणि त्यांची माफी मागत आहोत. सही करायला घेताना 'जातीमुळे' या शब्दावर सौरवचं पेन थांबलं. दादाजी म्हणाले, "राहू दे तो शब्द. खरा आहे," आणि आधी त्यांनी सही केली.

तीन दिवसांनी संघपाल आला; मालकानं त्याला कामावर परत घेतलं होतं. चाळिशीचा, हातात अवजारांची पिशवी. दादाजी दारात उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. संघपालनं मान हलवली आणि विचारलं, "कुठून जाचं?"

"या ना, आत या. इकडून."

काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात तो अर्धा तास होता. ओट्याचं भोक पाहिलं, खिडकी पाहिली, सिलिंडर कुठं ठेवायचं ते खडूनं आखून दिलं. दीपमालानं थर्मासमधल्या चहाचं विचारलं.

"चहा नको, मॅडम. काम आहे, काम करून जातो."

"तुमचा राग असेल आमच्यावर."

त्यानं पाना पिशवीत ठेवला. "दारातून परत पाठवलं, ते काही नवीन नाई. लहानपणापासून पाहून राहिलो. पण तुमच्या आईचा जीव गेला अन् दोष माझ्या नावावर आला, हे नवीन होतं. इतके दिवस माझी बायको मले विचारत होती, तुमी खरंच पाहिली नव्हती का नळी? घरात पण माणूस परका होऊन जाते, मॅडम. पत्र लिहिलं, बरं केलं. पण चहा पिऊन हे सारं मिटलं, असं नका समजू."

दीपमालानं थर्मास बाजूला ठेवला. तिनं विचारलं, "या गल्लीत अजून किती घरांनी असं केलं?"

"सहा."

"चला, मी येते तुमच्याबरोबर."

पहिलंच घर पार्वतीबाईंचं होतं. आगीपासून या घराला जेवू घालणाऱ्या पार्वतीबाई! त्या दारात आल्या, दीपमालाला पाहून हसल्या, मग मागे उभ्या माणसाला पाहून त्यांचा चेहरा आक्रसला.

"काकू, गॅसची तपासणी आहे."

"मागंच झाली वं आमची. काय नाव गा तुझं, भाऊ?"

संघपाल तोंड उघडणार, तेवढ्यात दीपमाला म्हणाली, "काकू, माझ्या आईनं याच माणसाला हेच विचारलं होतं. नाव ऐकून परत पाठवलं. तपासणी झाली नाही आणि आई गेली. तुम्ही जळालेलं सगळं पाहिलंत. तरी विचारता?"

पार्वतीबाईंचा हात चौकटीवरच राहिला. त्यांनी दीपमालाकडे पाहिलं, पलीकडच्या काळवंडलेल्या खिडकीकडे पाहिलं. मग बाजूला सरकल्या. "जा बाप्पा. पाहून घे."

संघपालनं ओट्याखालची नळी हातात घेऊन वाकवली. जागोजागी बारीक भेगा उघडल्या. तारीख चार वर्षांपूर्वी उलटून गेली होती. पार्वतीबाई तिथंच जमिनीवर बसल्या. "देवा रे! नात राह्यते वं माही इथं! रोज या ओट्यावर बसून दूध पिते!"

त्या दिवशी सहापैकी चार दारं उघडली. एका घरच्या लोकांनी, नंतर या, म्हणून सांगितलं. एका घरात माणसं असूनही कुणी बाहेर आलं नाही. संघपालनं दोन्ही घरांचा शेरा लिहिला, तारीख टाकली. तो पुन्हा जाणार आहे, आणि दीपमालाही.

रुख्मिणीबाई प्रेमळ होत्या, हे त्यांच्या लेकीइतकं कुणाला माहीत नाही. पण प्रेमळ माणसांनी पाळलेला भेदसुद्धा जीव घेतो, आणि त्याकडे डोळेझाक करणारी आपल्यासारखी शिकलेली माणसं त्या पापात वाटेकरी असतात. आपल्या घरी आई असेल, सासू असेल, आपण स्वतःही असू. तिचं वय झालं, असं म्हणून गप्प बसू नका. दारात आलेल्या माणसाला नाव विचारायचंच असेल, तर आदरानं हाक मारण्यासाठी विचारा, आणि त्याला आत घ्या. एजन्सी एका अर्जानं बदलते. घराचं दार मात्र घरातल्याच कुणीतरी उठून उघडावं लागतं, आणि ते वेळेवर उघडावं लागतं.